पाइनचं टेबल: वखारीपासून पॉलिशच्या शेवटच्या हातापर्यंत

पाइनचं काम बिघडलंय हे बहुतेक वेळा पॉलिशच्या दिवशी कळतं. रंग चढवला की फळीवर गडद-फिके ढग उठतात, गाठीभोवती चिकट कडा येते, आणि कालपर्यंत गोरीपान दिसणारी फळी मळकट दिसायला लागते. मग दोष डब्याला किंवा पॉलिशवाल्याला दिला जातो. प्रत्यक्षात त्यातलं निम्मं वखारीतच ठरलेलं असतं आणि उरलेलं रंधा नि पॉलिश पेपर हातात असताना.

एकच वस्तू समोर ठेवून सगळं सांगतो: अभ्यासाचं साधं टेबल. 4 फूट लांब, 2 फूट रुंद, साडेएकोणतीस इंच उंच. चार पाय, चार पट्ट्यांचा सांगाडा आणि वरची फळी. ड्रॉवर नाही. एवढं नीट जमलं की बाक, स्टूल, शेल्फ यांच्यासाठी वेगळं काही शिकावं लागत नाही.

हे लाकूड नेमकं कसलं

आपल्याकडच्या वखारीत नुसतं 'पाइन' म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा रेडिएटा पाइन असतं. झाड मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं, पण त्याची मोठी लागवड झाली न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि चिलीत. परदेशी ओंडके कांडला बंदरात उतरतात, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरले जातात आणि ट्रकने पुण्यामुंबईच्या टिंबर मार्केटात येतात. लागवडीतलं झाड साधारण 25 ते 30 वर्षांत तोडतात. भराभर वाढल्यामुळे वाढीची वलयं रुंद असतात. हिमाचल-उत्तराखंडातले चीड आणि कैल हेही पाइनच. चीड राळेने भरलेला असतो, त्याच्यापासूनच राळ आणि टर्पेंटाइन काढतात. कैल मऊ, रंध्याला हलका. पॅकिंगच्या खोक्यांचं आणि पॅलेटचं लाकूडही बरंचसं पाइन असतं.

रेडिएटाचं वजन घनमीटरला 500 किलोच्या आसपास, सागाचं 650 च्या आसपास. पण पाइन कळायला आकड्यापेक्षा नख जास्त उपयोगी. फळीवर नख दाबून आडवं ओढा. फिक्या पट्टीत नख रुततं, गडद रेघेवरून ते घसरतं, पुढच्या फिक्या पट्टीत परत रुततं. काही मिलिमीटरच्या अंतरात एक मऊ आणि एक कडक, अशी दोन लाकडं शेजारी शेजारी आहेत. फिका भाग हंगामाच्या सुरुवातीला झपाट्याने वाढलेला, गडद रेघ हंगाम संपताना सावकाश वाढलेली. पाइनला खड्डे का पडतात, घासल्यावर लाटा का येतात, रंग का फुटतो, या सगळ्याचं उत्तर या नखाच्या खुणेत आहे.

वखारीत काय बघायचं

फळीची लांबलचक बाजू सगळेच बघतात. आधी टोक बघा. टोकाला झाडाचा मधला गाभा, म्हणजे वलयांचा मध्यबिंदू, दिसत असेल तर ती फळी ठेवून द्या. गाभ्याची फळी आज ना उद्या मधोमध तडकते. टोकावरच्या वलयांच्या रेषा जितक्या उभ्या, तितकी फळी कमी वाकते. सगळ्या फळ्या तशा मिळणार नाहीत, पण वरच्या फळीसाठी तरी निवडून घ्या. वलयं आडवी असलेली फळी वाळताना सालीकडच्या बाजूला खोलगट होते, हे लक्षात राहिलं की ती कुठे वापरायची ते ठरवता येतं.

गाठींचा बाऊ करायचं कारण नाही, गाठी पाइनच्या अंगच्याच. फक्त जिवंत गाठ आणि मेलेली गाठ यातला फरक ओळखायला हवा. जिवंत गाठ लालसर तपकिरी असते आणि तिच्या कडा आजूबाजूच्या रेषांत मिसळलेल्या असतात. मेलेल्या गाठीभोवती काळं कडं असतं. अंगठ्याने दाबली तर कधी कधी हलते. ती पुढे गळून पडणार. पायात, आणि पट्टीच्या टोकापासून तीन इंचांत, कुठलीच गाठ नको. तिथे सांधा येतो.

निळसर-करड्या रेघा दिसल्या तर ती बुरशी आहे. ती लाकडाची ताकद फारशी घालवत नाही, पण घासून निघत नाही, कारण आतपर्यंत गेलेली असते. रंगवणार असाल तर चालेल, नैसर्गिक ठेवणार असाल तर नको. बारीक भोकं आणि त्यातून पडणारी पिठासारखी पूड दिसली तर तो माल घरातच आणू नका.

पॅलेट विकत घेऊन वापरणार असाल तर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का शोधा. त्यावर 'एचटी' असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर किमान 30 मिनिटं तापवलेलं असतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी. 'एमबी'चं लाकूड घरात वापरू नये असं माझं ठाम मत आहे. आणि एचटी म्हणजे वाळवलेलं नव्हे, फक्त कीड मारलेलं.

'केडी माल आहे' हे वाक्य प्रत्येक वखारीत ऐकायला मिळतं. केडी म्हणजे भट्टीत वाळवलेला. पण भट्टीतून निघून तो पावसाळ्यात दोन महिने पत्र्याखाली पडून असेल तर त्याने परत ओल धरलेली असते. ओल मोजायचं मीटर नसेल तर घरात मोजता येतं. फळीच्या टोकापासून फूटभर आत जाऊन एक इंचाचा काप काढा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, मग ओटीजीमध्ये 100-105 अंशांवर ठेवा आणि दर तासाने तोला. वजन उतरायचं थांबलं की थांबा. आधीचं वजन 62 ग्रॅम आणि नंतरचं 55 ग्रॅम असेल, तर फरक 7 ग्रॅम. 7 भागिले 55, म्हणजे ओल पावणेतेरा टक्के. पुण्यासारख्या हवेत घरातल्या फर्निचरला 9 ते 12 टक्के ठीक. 15 च्या वर असेल तर काम सुरू करू नका.

आणलेलं लाकूड ज्या खोलीत टेबल राहणार आहे तिथेच दोन-तीन आठवडे रचून ठेवा. प्रत्येक थराखाली पाऊण इंची पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि खालच्या-वरच्या पट्ट्या एका ओळंब्यात. पट्ट्या ओळंब्यात नसतील तर फळी त्याच रचलेल्या अवस्थेत पीळ धरते.

किती लाकूड लागेल

रंधा मारण्याआधीची मापं अशी. वरच्या फळीसाठी 5 इंच रुंद, सव्वा इंच जाड, 50 इंच लांब अशा 5 फळ्या. पायांसाठी अडीच बाय अडीच इंचाचे, 30 इंच लांब 4 तुकडे. सांगाड्याच्या लांब पट्ट्या 4 बाय 1 इंच, 44 इंच लांब, 2 नग. आखूड पट्ट्या त्याच जाडीच्या, 20 इंच लांब, 2 नग. सगळ्याचा गुणाकार सुमारे 2,825 घन इंच होतो. 1,728 ने भागलं की 1.63 घनफूट. गाठी टाळणं आणि टोकं कापणं यासाठी 20 टक्के वाढवा, म्हणजे वखारीत 2 घनफूट सांगायचं. रंधा मारून वरची फळी 1 इंच राहील, पाय सव्वादोन इंच, पट्ट्या 20 मिमी.

काही जण वरच्या फळीला पाऊण इंच पुरेल म्हणतात. सागाला पुरेल. पाइनला एक इंच द्या. लाकूड स्वस्त आहे आणि जाडी वाकण्याच्या विरुद्ध थेट काम करते.

वरची फळी जोडताना

पाचही फळ्या जमिनीवर मांडा आणि आधी चित्र जुळवा. रेघा एकीतून दुसरीत वाहत गेल्या पाहिजेत, गडद फळीशेजारी एकदम फिकी नको. मग रंध्याची दिशा सगळ्यांची एकच आहे ना ते बघा, नाहीतर जोडल्यावर सपाट करताना एक फळी गुळगुळीत होते आणि शेजारची उचकटते. सालीची बाजू आलटून-पालटून वर-खाली ठेवावी की नाही यावर सुतारांत मतं आहेत. लाकूड नीट वाळलेलं असेल तर मी चित्राला आणि रंध्याच्या दिशेला झुकतं माप देतो. मांडणी ठरली की पाचही फळ्यांवरून खडूने एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे क्रम विसरत नाही.

कडा सरळ करताना शेजारच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या मिटून एकत्र रंधा मारा. रंधा थोडा कलला तरी एका कडेचा कोन दुसरीच्या कोनाला भरून काढतो आणि उघडल्यावर सांधा सपाट बसतो. मागे टॉर्च धरून बघा, उजेड झिरपला तर परत रंधा. फट गोंदाने भरेल या भरवशावर राहू नका. पांढरा गोंद फट भरत नाही, तो दोन चिकटून बसलेल्या कडांनाच धरतो. आणि कडा ज्या दिवशी रंधल्या त्याच दिवशी चिकटवा, कारण पाइनची राळ हळूहळू पृष्ठभागावर येते आणि मग गोंद नीट धरत नाही.

फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद दोन्ही कडांना पातळ लावा. 50 इंच लांबीला पाच क्लॅम्प, एक खालून एक वरून असे आलटून-पालटून. क्लॅम्पच्या जबड्याखाली लाकडाचे तुकडे हवेतच. नाहीतर पाइनवर जबड्याचा ठसा उमटतो. दाब किती? सांध्यातून गोंदाचे बारीक थेंब सलग रांगेत बाहेर आले की पुरे. त्यापुढे आवळत गेलात तर गोंदच पिळून बाहेर जातो आणि सांधा कोरडा राहतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात सगळं दहा मिनिटांत उरकलं पाहिजे.

बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसायची सवय पाइनला घातक आहे. पाणी झालेला गोंद मऊ भागात मुरतो, वाळल्यावर दिसत नाही, आणि रंग लावला की तिथे फिका डाग उरतो. अर्धा-पाऊण तास थांबा. गोंद दह्यासारखा घट्ट झाला की पटाशी आडवी धरून खरवडून काढा. त्याहून बरं म्हणजे चिकटवण्याआधी सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा.

क्लॅम्प दोन तासांनी काढले तरी फळी सपाट करायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. गोंदातलं पाणी सांध्यालगतचं लाकूड फुगवतं. ते फुगलेलं असताना रंधा मारला तर नंतर वाळून तो भाग खाली बसतो, आणि चकचकीत पॉलिशखाली प्रत्येक सांध्यावर एक बारीक नाली दिसते.

सांगाडा

टेबलाचा सांगाडा 44 बाय 20 इंचांचा, म्हणजे वरची फळी चारी बाजूंनी 2 इंच बाहेर येईल. लांब पट्टी दोन पायांमध्ये साडेएकोणचाळीस इंच दिसेल, आखूड पट्टी साडेपंधरा. दोन्ही टोकांना सव्वा इंचाचं टेनन जोडा, म्हणजे पट्ट्या 42 आणि 18 इंचांच्या कापायच्या. टेनन म्हणजे पट्टीच्या टोकाला कोरलेली जीभ, जी पायातल्या भोकात बसते. तिची जाडी 8 मिमी ठेवा. पायाच्या बाहेरच्या बाजूपासून पट्टी 5 मिमी आत घेतली की भोकाची मध्यरेषा बाहेरून 15 मिमीवर येते, आणि दोन दिशांनी आलेली टेनन पायात एकमेकांना अडत नाहीत. भोक टेननपेक्षा 2 मिमी जास्त खोल करा, तळाला गोंद साचायला जागा हवी. जागा नसेल तर अडकलेला गोंद सांधा शेवटपर्यंत बसू देत नाही, किंवा पाय चिरतो.

इथे पाइनची खोड अशी की रेघ पेन्सिलीने आखून करवत चालवली तर कडा फाटतात. धारदार कटरने रेघ आखा, दोन-तीनदा, म्हणजे वरचे तंतू आधीच कापले जातात. पटाशीला धार सागाला लागते त्याहून जास्त हवी, हे ऐकायला उलटं वाटतं. कडक लाकडाचे तंतू बोथट धारेपुढेही ताठ उभे राहतात आणि कापले जातात. पाइनचा मऊ भाग धारेपुढे दबतो, चिरडतो आणि मग उपटला जातो. भोकाच्या आतल्या भिंती भुसकट झाल्या तर धार गेली समजा. मनगटावरचा केस सहज कापला जाईल इतकी धार ठेवा.

टेनन भोकात हाताच्या दाबाने गेलं पाहिजे. हातोडा लागत असेल तर घट्ट आहे आणि पाइन चिरणार. आपोआप पडत असेल तर सैल. आधी दोन आखूड बाजू चिकटवा, दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या. प्रत्येक वेळी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे आले की काटकोन आला.

स्क्रू वापरणार असाल तर आधी भोक पाडल्याशिवाय नाही. 8 नंबरच्या स्क्रूला पाइनमध्ये अडीच मिमीचं भोक, टोकापासून दीड इंच तरी आत. फळीच्या टोकात, रेषांच्या दिशेने मारलेला स्क्रू पाइनमध्ये धरत नाही, काही महिन्यांत सैल होतो. मशीनचा क्लच हलका ठेवा. एकदा भोकातले आटे गेले की तो स्क्रू गेला.

वरची फळी कशी बसवायची

या भागात चूक झाली तर आधीचं सगळं वाया जातं, म्हणून जरा थांबून वाचा.

लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये घरातल्या लाकडाची ओल 15-16 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, विदर्भात मे महिन्यात ती 5-6 टक्क्यांवर उतरते. ओल 4 टक्क्यांनी बदलली की 2 फूट रुंद पाइनची फळी साधारण 6 मिमी, म्हणजे दोन सूत, आकसते किंवा फुगते. ही हालचाल कुठलाही स्क्रू थांबवू शकत नाही. फळी चारी बाजूंनी गच्च आवळली तर उन्हाळ्यात ती मधून तडकते किंवा पावसाळ्यात सांगाडाच ओढते.

उपाय लाकडी गुटक्यांचा. सांगाड्याच्या पट्ट्यांना आतून, वरच्या कडेपासून अर्धा इंच खाली, 12 मिमी खोल खाच पाडा. दीड इंची गुटके करा, प्रत्येकाला 12 मिमीची जीभ ठेवा. जीभ गुटक्याच्या रेषांच्या दिशेनेच हवी. आडवी घेतली तर पहिल्याच दाबाला तुटते. जीभ खाचेत, गुटक्याचा उरलेला भाग फळीला सव्वा इंची स्क्रूने. लांब पट्टीला तीन-तीन, आखूड पट्टीला मधोमध एक-एक. लांब पट्टीच्या गुटक्याचा खांदा आणि पट्टी यात 4 मिमी जागा सोडा, फुगायला ती लागते. आखूड पट्टीच्या मधोमध फळी पक्की धरलेली असल्यामुळे हालचाल दोन्हीकडे सारखी, तीन-तीन मिमी वाटली जाते. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या, एक इंच फळीतून स्क्रू वर यायला वेळ लागत नाही.

घासणं

80 नंबरच्या पॉलिश पेपरने सपाटी, मग 120, मग 180. रंग किंवा तेल लावणार असाल तर 180 ला थांबा. पुढे घासत गेलात तर पृष्ठभाग घोटला जातो आणि रंग पीत नाही. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारा, त्या पूर्ण गेल्या की नंबर बदला.

नुसत्या बोटांनी पेपर धरून पाइन घासू नका. बोटांची गादी मऊ भाग खाते आणि कडक रेघांवरून उड्या मारते. थोड्या वेळाने पृष्ठभागावर पन्हाळी पत्र्यासारख्या बारीक लाटा येतात. डोळ्यांना दिसत नाहीत, तळवा फिरवला की कळतात, आणि पॉलिश झाल्यावर मात्र तिरक्या उजेडात सगळ्यांना दिसतात. पेपरमागे लाकडाचा किंवा बुचाचा कडक ठोकळा ठेवा, रेषांच्या दिशेने घासा. मशीनलाही मऊ स्पंजची गादी नको.

धारदार कडा 2 मिमी गोल करा. पाइनची टोकदार कड पहिल्या धक्क्यातच दबते, आणि टोकावर पॉलिशचा थर पातळ बसतो.

काम करताना पडलेले खड्डे फिलरने भरायची घाई नको. खड्ड्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, ओलं सुती फडकं ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक काही सेकंद दाबा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. खोल खड्डा दोन-तीनदा करावा लागतो. तंतू तुटले असतील तर मात्र वाफेने भरत नाही.

शेवटी सगळं काम ओल्या फडक्याने हलकं पुसा, वाळू द्या आणि उभे राहिलेले रोम 180 ने एकदा फिरवून काढा. मग थिनरचं फडकं फिरवा. थिनर ओला असताना गोंदाचे लपलेले डाग फिके चमकतात, राळेच्या जागा गडद दिसतात. हा शेवटचा मोका. गोंद खरवडा. राळेची पिशवी पटाशीने उघडून थिनरने धुवा.

रंग आणि पॉलिश

पाइनला सागाचा किंवा अक्रोडाचा रंग द्यायचा हट्ट बहुतेक कामं बिघडवतो. मऊ भाग भरपूर रंग पितो, कडक रेघ जवळपास पीतच नाही. त्यामुळे मुळात फिका असलेला भाग गडद होतो आणि गडद रेघ फिकी उरते, फोटोच्या निगेटिव्हसारखी. गाठीजवळ रेषा वळतात, तिथे टोकं उघडी पडतात आणि ढग उठतात. पाइन आहे तसं, मधाळ पिवळं ठेवावं, हे माझं मत.

तरीही रंग हवाच असेल तर आधी लाखेचा पातळ हात द्या. 1 लिटर स्पिरिटला 60 ग्रॅम चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या. या टेबलाला 300 मिली पुरेल, म्हणजे 18 ग्रॅम चपडा. काचेच्या बरणीत रात्रभर ठेवा, अधूनमधून हलवा, मग एक दिवस स्थिर ठेवा. तळाला ढगाळ मेण बसतं. वरचं स्वच्छ द्रव सावकाश ओतून मलमलीतून गाळा. मेण राहिलं तर पुढचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, धरत नाही. मेण काढलेला चपडा मिळाला तर तोच घ्या. हा पातळ हात मऊ भागाची तहान अर्धवट भागवतो, मग रंग सारखा बसतो. वाळल्यावर 220 ने अगदी हलकं घासा. त्यावर तेलाचा किंवा जेलचा रंग वापरा, लावा आणि दोन मिनिटांत पुसून काढा. स्पिरिटचा रंग चालणार नाही, तो खालची लाखच विरघळवतो. आणि हे सगळं आधी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर, तेवढंच घासून, करून बघा.

गाठींना वेगळी वागणूक. 1 लिटरला 120 ग्रॅम चपड्याचं द्रावण बारीक ब्रशने फक्त गाठीवर आणि भोवती पाव इंच, दोन हात. लाख राळेला आत थोपवते. ऑइल पेंट मारणार असाल तर हे अजिबात चुकवू नका. पांढऱ्या रंगातून गाठ काही महिन्यांत पिवळा डाग होऊन वर येते, आणि वरून कितीही हात मारले तरी येतच राहते.

पावसाळ्यात लाखेचं काम टाळा. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पांढरट धुकं धरतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पॉलिशचा खरा हंगाम.

अभ्यासाच्या टेबलाला वरून तेलाधारित, एका डब्याचा पीयू पुरेसा आहे. मेलामाइन आपल्याकडे सवयीने मारतात, पण तो कडक थर मऊ पाइनवर अंड्याच्या टरफलासारखा असतो. वस्तू पडली की खालचं लाकूड दबतं आणि वरचा थर तडकतो. या टेबलाचा सगळा पृष्ठभाग, खालची बाजू धरून, सुमारे 30 चौरस फूट होतो. तीन हातांना 1 लिटर पुरतो. पहिला हात 10 टक्के मिनरल टर्पेंटाइन घालून पातळ, पुढचे दोन डब्यातल्यासारखे. डबा हलवू नका, काठीने ढवळा. हलवल्याने येणारे बुडबुडे पृष्ठभागावरच वाळतात. दोन हातांत रात्रभराचं अंतर आणि मध्ये 320 ने हलकं घासणं. खोलीत आधी फरशीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. फिकेपणा टिकवायचा असेल तर पाण्याधारित पीयू घ्या, तो पिवळा पडत नाही, पण पहिल्या हाताने रोम पुन्हा उठतात आणि ते काढावे लागतात.

फळीच्या खालच्या बाजूलाही वरच्याइतकेच हात द्या. एकच बाजू बंद केली तर उघडी बाजू ओल घेते-सोडते, बंद बाजू घेत नाही, आणि फळी ताटलीसारखी वाकते.

बेलतेल, म्हणजे उकळलेलं अळशीचं तेल, वापरणार असाल तर दोन गोष्टी. ते पाइनला चांगलंच पिवळं करतं. आणि तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं, आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पायांची टोकं विसरली जातात. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात, आणि पायाचं कापलेलं टोक ते पाणी स्ट्रॉसारखं वर ओढतं. वाळवीही तिथूनच चढते. पॉलिशच्या आधी 1 लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून पाय त्यात तासभर तळाशी बुडवून ठेवा, तीन-चार दिवस पूर्ण वाळू द्या, मग टोकाला पीयूचे चार-पाच हात, पिणं थांबेपर्यंत. वर नायलॉनची बटणं ठोका. द्रावण मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. मोरीजवळ, सिंकखाली किंवा पावसात भिजणाऱ्या बाल्कनीत मात्र पाइन कितीही पॉलिश करून टिकत नाही, तिथे ते वापरूच नये.

शेवटचा हात दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण आतून कडक व्हायला आठवडा ते दहा दिवस जातात. तोवर काच, टेबलक्लॉथ, गरम कप काही ठेवू नका. त्यानंतरही पहिले काही महिने दिवा, पुस्तकांची चळत, लॅपटॉप यांच्या जागा आठवड्याला बदलत राहा. पाइन उजेडाने हळूहळू मधाळ होतं, आणि एकाच जागी ठेवलेल्या वस्तूखाली तेवढाच चौकोन गोरा राहतो.